दुसऱ्या क्रमांकाचा गंध

सापळा क्रमांक सातमध्ये शुक्रवारी सकाळी दोनशे चौदा कीटक होते. त्यांत एकेचाळीस चिलटं, सात माश्या, वाट चुकलेली एक मुंगी आणि एकशे पासष्ट डास. डासांपैकी नऊ नर, बारा साधे घरडास आणि उरलेल्या एकशे चव्वेचाळीस एडिस माद्या. पायांवर पांढरे पट्टे असलेल्या आणि दिवसाउजेडी चावणाऱ्या या माद्याच डेंग्यू पसरवतात.

ऋतुजा बिराजदारने चिमट्याने शेवटची मादी उचलून बशीत ठेवली आणि आकडा पडद्यावर टाकला. पावसाळ्यात एका दिवसात एवढ्या माद्या म्हणजे सापळा उत्तम चालला होता. बार्शीच्या बाहेर वसलेल्या शिवयोगी कॉलनीला पाणी पाचव्या दिवशी येई, त्यामुळे प्रत्येक घरात पिंप, टाक्या, हंडे भरलेले असत. असं असूनही या वर्षी कॉलनीत डेंग्यूचा एकही रुग्ण नव्हता. डासकेंद्रातल्या सगळ्यांना याचा अभिमान होता. ऋतुजालाही होता, पण त्या अभिमानात कुसळासारखं काहीतरी टोचत राही.

कारण त्या एकशे चव्वेचाळीस माद्या आल्या होत्या तिच्या जावेच्या वासाने.

माणसाच्या कातडीवर जिवाणूंची वस्ती असते. कातडीतून पाझरणाऱ्या तेलकट द्रवापासून ते निरनिराळी आम्लं बनवतात. हे मिश्रण प्रत्येकाचं वेगळं, आणि डासांना त्यातलं काही फारच आवडतं. दहाजण एका ओट्यावर बसले तरी डास एकालाच फोडून काढतात, ते यामुळे. केंद्राने ही गोष्ट उलटी वापरली होती. डासांना सर्वांत जास्त आवडणारी व्यक्ती शोधायची, तिच्या कातडीवरचे जिवाणू काचेच्या बशीत वाढवायचे आणि ते आमिष म्हणून सापळ्यात ठेवायचे. सोबत अंगाइतकी कोमट पट्टी आणि श्वासासारखा थोडा वायू. मादीला वाटतं, माणूस बसलाय. ती आत शिरते आणि पंखा तिला जाळीत ओढतो.

ही व्यक्ती शोधायचं काम मागच्या हिवाळ्यात ऋतुजानेच केलं. कॉलनीतल्या तीनशे बायका-पुरुषांच्या हातांवर तिने नायलॉनच्या बाह्या चढवल्या. मग दोन तोंडांच्या काचेच्या नळीत शंभर माद्या सोडून, त्या कुणाच्या बाहीकडे जातात ते पाहिलं. एकेक करत सगळे गळाले आणि शेवटी दोन बाह्या उरल्या. एक समीक्षाची, तिच्या धाकट्या दिराच्या बायकोची. दुसरी तिची स्वतःची.

एक्याऐंशी माद्या समीक्षाकडे गेल्या, एकोणीस ऋतुजाकडे.

डासांनी आपल्याला नाकारलं याचं वाईट वाटावं हे हास्यास्पद आहे, हे तिला कळत होतं. तिने प्रयोग चारदा केला. चौथ्यांदा त्र्याऐंशी माद्या समीक्षाकडे गेल्या, तेव्हा तिने थांबायचं ठरवलं.

*

"बघा हो, माझी सून म्हणजे कॉलनीचं कवच आहे," सासूबाई येईल त्याला सांगत. दोन सुनांतली कुठली, हे सांगायची गरज नसे. चौकातल्या फलकावर समीक्षाचा फोटो होता, खाली 'आपल्या वॉर्डाची गंधदाती'. भाजीवाली तिला कोथिंबिरीची जुडी वर टाकून देई.

समीक्षा यावर हसत सुटे. "अक्का, लहानपणी डास चावून चावून माझं तोंड जिलबीसारखं व्हायचं, तेव्हा कुणी कौतुक नाही केलं बघ. आता कोथिंबीर फुकट मिळतीय!"

"मिळू दे की," ऋतुजा म्हणे.

कोथिंबिरीचं ती सोसू शकली असती. पण ओवी? ओवी तिची मुलगी, आठ वर्षांची. शाळा सुटली की दप्तर स्वतःच्या घरात फेकून ती समोरच्या दारात, काकूकडे पळे. तिथेच जेवे, तिथेच काकूच्या कुशीत दुपारची झोप काढे. संध्याकाळी केंद्रातून दमून आलेल्या ऋतुजाला ती जांभई देत विचारी, "आज इतक्या लवकर कशी आलीस?"

मागच्या वर्षी ओवीला डेंग्यू झाला होता, तो पहिल्या प्रकारचा. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एक होऊन गेला की तो पुन्हा होत नाही, पण शरीराने त्याच्याशी लढायला तयार केलेली प्रतिपिंडं दुसऱ्या प्रकाराला नीट ओळखत नाहीत. ती त्याला मारत नाहीत, नुसतीच चिकटतात आणि पेशीच्या दारापर्यंत पोचवतात. म्हणून दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू पहिल्यापेक्षा घातक ठरू शकतो. तालुक्यात या वर्षी दुसरा प्रकार फिरत होता. ओवीला तो होता कामा नये. ऋतुजाच्या सगळ्या मोजण्या-नोंदण्यांच्या मुळाशी एवढी एकच गोष्ट होती.

*

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. कोरेकाकूंकडे हळदीकुंकवाला अख्खी कॉलनी लोटली. समीक्षा मधोमध बसली होती आणि ओवी तिच्या मांडीवर. दुसऱ्या दिवशी समीक्षाच्या हाताचा नवा नमुना घ्यायचा होता. बशीतल्या जिवाणूंची ताकद तीनचार महिन्यांत उतरते, एक जात बाकीच्यांना खाऊन वाढते, म्हणून मूळ कातडीकडे परत जावं लागतं.

"समीक्षा, नाव घे गं!" कुणीतरी ओरडलं.

"इतक्या बायकांत? लाज वाटतीय."

"डासांना हात देताना नाही वाटली ती?"

खसखस पिकली. समीक्षाने पदर सावरला, क्षणभर वर पाहिलं आणि म्हणाली:

"शंभर डास सोडले नळीत, ऐंशी आले माझ्याकडे,
शरणूरावांचं नाव घेते, अक्का बघते कुणाकडे?"

सगळ्या बायका हसत हसत ऋतुजाकडे वळल्या. तिनेही हसू ओठांवर आणलं. समीक्षाच्या मनात काही नव्हतं, यमक जुळलं म्हणून ती बोलून गेली होती. पण ओवी टाळ्या पिटून म्हणाली, "आई हरली! आई हरली!"

मग अत्तर आलं. कोरेकाकूंनी चंदनाच्या अत्तराची काडी समीक्षाच्या हाताच्या पाठीवर फिरवली. "कवचाला एवढंसं कसं पुरेल?" म्हणत दुसरीने मनगटाला लावलं, तिसरीने कोपरापर्यंत. ज्या हाताने कॉलनी वाचवली त्या हाताला अत्तर लावायला बायकांची रांग लागली. समीक्षाने त्या गर्दीतून मान काढून हात वर केला.

"अक्का, चालेल ना गं? उद्या नमुना आहे."

तीन दिवस हाताला साबण, तेल, अत्तर काही लावायचं नाही, हा नियम ऋतुजानेच लिहिला होता. या वेळी तो समीक्षाला सांगायचा तिच्याकडून राहून गेला होता. चंदनाचं तेल त्या जिवाणूंना मानवत नाही, हे तिला ठाऊक होतं. आणि पहिल्या क्रमांकाचा नमुना फसला तर दुसऱ्या क्रमांकाचा लावायचा, हेही तिला ठाऊक होतं.

"चालेल," ती म्हणाली.

*

समीक्षाच्या बशीत काही उगवलं नाही. कडेला दोनचार फिकट ठिपके आले आणि तेही मेले.

केंद्राच्या प्रमुख डॉ. नसीम मुजावर यांनी बशी उजेडात धरली. "हे कसं काय? इतकी चांगली गंधदाती!"

"महालक्ष्म्या होत्या ना मॅडम. घरात धूप, उदबत्त्या..." ऋतुजा म्हणाली.

"हं. तिची कातडी सावरायला महिनाभर लागेल. तोवर दुसऱ्या क्रमांकाचं लावा. कोण आहे दुसरं?"

"मी."

"अरे वा! मग प्रश्नच नाही."

ऋतुजाने मनातल्या मनात हिशेब मांडून ठेवला होता. एकोणीस हा आकडा समीक्षा समोर असतानाचा. ती समोर नसेल तर माद्या जाणार कुठे? कॉलनीतल्या बाकी सगळ्यांपेक्षा आपला वास त्यांना आवडतोच आहे.

खांबांवरच्या चाळीस सापळ्यांत तिचा गंध बसला. पहिल्या सकाळी ती कॉलनीतून चालत केंद्रात गेली, तेव्हा प्रत्येक खांबावर आपण उभ्या आहोत असं तिला वाटलं. माणसाच्या नाकाला त्यातलं काही कळत नाही, तरी ती सातव्या सापळ्यापाशी थांबून खोल श्वास घेऊन आली. त्या आठवड्यात ती घरी गुणगुणत पोळ्या लाटत होती. नवरा, बसवराज, म्हणालासुद्धा, "काय, पगार वाढला का काय?"

सापळ्यांतले आकडे मात्र उतरले. एकशे चाळीसच्या जागी साठ, मग पन्नास.

"आकडे कमी दिसतायत," डॉ. मुजावर म्हणाल्या.

"डासच कमी झालेत मॅडम. पाऊस थांबलाय."

"असेल. अंड्यांच्या पट्ट्या पाहिल्या का?"

पाण्याच्या डब्यांत सोडलेल्या खरबरीत पट्ट्यांवर माद्या अंडी घालतात. सापळ्यात काय आलं ते सापळा सांगतो, बाहेर काय उरलं ते पट्ट्या सांगतात.

"पाहते," ऋतुजा म्हणाली आणि पाहिल्या नाहीत. डास कमी झाले हे उत्तर तिला फार आवडलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात समीक्षाला ताप भरला. डोळ्यांच्या मागे दुखतंय, हाडं कुणी मोगरीने बडवल्यासारखी झालीत, म्हणाली. रक्त तपासलं. डेंग्यू, दुसरा प्रकार.

त्या दिवशी ऋतुजाने पट्ट्या काढल्या. भिंगाखाली काळी अंडी तिळासारखी विखुरलेली होती, महालक्ष्म्यांच्या आधीपेक्षा तिपटीहून जास्त. डास कमी झालेच नव्हते. ते सापळ्यांकडे यायचे थांबले होते.

ती पट्टी हातात धरूनच खुर्चीवर बसली. समीक्षा समोर नसेल तर, असं तिने धरलं होतं. पण समीक्षा कुठे गेली होती? ती तर कॉलनीतच होती. तिचा गंध चाळीस खांबांवर होता तोवर डासांपुढे एकेचाळीस समीक्षा होत्या आणि त्यांतली खरी एक त्या गर्दीत लपून राहत होती. ऋतुजाने चाळीस काढून टाकल्या. आता कॉलनीत एकच उरली होती, दुपारी खिडकी उघडी टाकून झोपणारी.

आणि एडिस मादी एका बैठकीत जेवत नाही. जराशी हालचाल झाली की उडते आणि शेजारच्याला चावते. समीक्षाच्या शेजारी, दुपारी, कुशीत...

*

ती नायलॉनची बाही घेऊन समीक्षाच्या खोलीत गेली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. सासूबाई पपईच्या पानांचा रस वाटीत घेऊन बसल्या होत्या.

"आई, जरा बाहेर बसता? नमुना घ्यायचाय."

"आजारी पोरीचा?"

"हो."

सासूबाई पुटपुटत गेल्या. समीक्षाने डोळे किलकिले केले. तिच्या गालांवर तापाची लाली होती.

"अत्तर चालत नव्हतं," ऋतुजा म्हणाली. "मला माहीत होतं."

समीक्षाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"मी विचारलं होतं तुला."

"हो."

"सगळ्यांच्या समोर विचारलं होतं. हात वर करून."

"हो."

"मग?"

"मग काय सांगू? माझा नमुना लागावा असं वाटलं."

समीक्षा कोपरावर उठून बसली. "अक्का, डासांत गं? डासांत पहिला नंबर पाहिजे होता तुला? तू शिकलेली, चार माणसं तुला मॅडम म्हणतात. माझ्याकडे काय होतं? एवढंच तर होतं! तेही मी कमावलेलं नाही, अंगाचा वास!"

"आणि ओवी," ऋतुजाच्या तोंडून गेलं.

समीक्षा तिच्याकडे बघत राहिली. "अस्सं," ती म्हणाली. "असं आहे होय." मग तिने हात पुढे केला, तोंड भिंतीकडे फिरवून. "चढव बाही. तीन दिवस आंघोळ नाही केलेली, चांगलं पीक येईल."

बाही कोपरापर्यंत गेली तेवढ्यात बाहेरून सासूबाईंची हाक आली. शाळेतून फोन होता. ओवीचं अंग तापलं होतं.

*

नव्या बशीत समीक्षाचे जिवाणू दाट उगवले आणि चाळीस सापळ्यांत परत गेले. डॉ. मुजावरना ऋतुजाने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, सापळ्यांचं काम तिच्याकडून काढलं आणि म्हणाल्या, "आता मुलीपाशी बसा." ऋतुजाला ते ऐकूसुद्धा धड आलं नाही. ती दवाखान्यात ओवीच्या खाटेशी बसून होती.

पाचव्या दिवशी सकाळी ओवीचा ताप उतरला. सासूबाईंनी कपाळाला हात लावून पाहिला आणि आनंदाने सामान आवरायला घेतलं. "झालं बाई! चला घरी."

"नाही आई. आताच खरी भीती असते."

"ताप उतरल्यावर?"

"होय आजी," तरुण डॉक्टर म्हणाले. "विषाणू उतरणीला लागतो तेव्हाच रक्तवाहिन्यांच्या भिंती पाझरायला लागतात. रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं आणि दाब एकदम कोसळू शकतो. सगळे प्लेटलेट, प्लेटलेट करतात, पण आम्ही बघतो तो आकडा हिमॅटोक्रिटचा. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती, ते. हिचा एरवीचा छत्तीस टक्के आहे. तो चढायला लागला तर पाणी झिरपतंय असं समजायचं."

"मग सलाइन भरपूर लावा की!"

"तिथंच गंमत आहे. जास्त दिलं तर तेच पाणी छातीत साठतं. म्हणून सलाइन आम्ही मोजून देणार. वरचं तिने तोंडाने घ्यायचं, थोडं थोडं, सारखं."

दहा वाजता आकडा एकोणचाळीस आला. ओवी पोट धरून कुरकुरत होती. ऋतुजाने साखरमिठाचं पाणी पुढे केलं. ओवीने घोट घेतला आणि ओकली.

"पुन्हा घे, बाळा."

"नको."

"एक चमचा."

"काकू पाहिजे."

"काकू आजारी आहे. मी देते ना."

ओवीने तोंड उशीत घातलं. ऋतुजाने चमचा लावला, स्ट्रॉ लावली, गोष्ट सांगितली, रागावली, रडली. अर्ध्या वाटीहून जास्त पोटात गेलं नाही. समीक्षाचा ताप दोन दिवसांपूर्वीच उतरला होता आणि तिचा पहिलाच डेंग्यू साधा निघाला होता, हे तिला माहीत होतं. ती चालून येऊ शकते हेही माहीत होतं. फोन उशाशी पडला होता. आणखी एकदा, तिने स्वतःला सांगितलं. माझ्या हातून घेईल. मी आई आहे तिची. आणखी एकदा.

एक वाजता आकडा चव्वेचाळीस आला. ओवीचे हात गार लागत होते. डॉक्टर सलाइनचा वेग बदलत म्हणाले, "पिऊ दे हिला काहीही करून. नाहीतर सोलापूरला हलवावं लागेल, आणि वाटेत मला तिला नीट बघता येणार नाही."

ऋतुजाने फोन उचलला.

"समीक्षा. ओवी पीत नाहीये. तुलाच बोलावतीय."

"कधीपासून बोलावतीय?"

"सकाळपासून."

"आणि तू आता फोन करतीस?" समीक्षाने फोन ठेवून दिला.

अर्ध्या तासात ती आली. शरणूच्या खांद्याचा आधार घेत, कानाला स्कार्फ, ओठ सुकलेले. ऋतुजाकडे तिने पाहिलं नाही. हात पुढे केला आणि ऋतुजाने पेला तिच्या हातात दिला. तो सोडताना तिची बोटं क्षणभर आवळली गेली. समीक्षाला ते कळलं. तिने पेला ओढला नाही, थांबली. मग ऋतुजाने सोडला.

"ओव्या," समीक्षा खाटेवर टेकत म्हणाली, "ऊठ. सांग मला, डासीण कशी पिते?"

ओवीने एक डोळा उघडला. "सोंडेने."

"घटाघट पिते?"

"नाही. थोडं पिते आणि उडते."

"मग पी. एक चूस आणि उड."

ओवीने स्ट्रॉ तोंडात धरली, एक चूस घेतली आणि हात जरासा हलवून उडाल्याचं दाखवलं. मग दुसरी. मग तिसरी. मध्येच म्हणाली, "काकू, आता तुझ्याकडून झालं, दुसऱ्याकडे जाऊ?"

"जा की. आईकडं जा."

पेला ऋतुजाकडे आला. ओवीने तिच्याकडून एकच चूस घेतली आणि पुन्हा काकूकडे उडाली. ऋतुजाने पेला परत दिला आणि भिंतीजवळच्या स्टुलावर बसली. काकूच्या प्रत्येक शब्दाला ओवीचे ओठ हलत होते, आणि ऋतुजाच्या छातीत तेच जुनं कुसळ पुन्हा खोल शिरत होतं. तिने ते शिरू दिलं. मांडीवर मापाचं भांडं ठेवून ती पेल्यातलं किती उतरलं ते पाहत राहिली आणि पेला रिकामा झाला की भरून देत राहिली. शरणू दोनदा म्हणाला, "वहिनी, मी भरतो, तुम्ही पडा जरा." ती उठली नाही.

संध्याकाळपर्यंत दीड लिटर पोटात गेलं. ओवीला लघवी झाली तेव्हा डॉक्टरांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा सैलपणा दिसला. समीक्षा ओवीच्या उशाशीच कलंडली, तिचा हात ओवीच्या हातात अडकलेला. ऋतुजाने आपली शाल दोघींवर टाकली.

पहाटे परिचारिका नमुना घेऊन गेली. सात वाजता आकडा आला. हिमॅटोक्रिट सदतीस टक्के.